सातव्या ॲक्शनचं कोपर

४ फेब्रुवारी

दादा,

सोबत तीन पानांचा एक फॉर्म आहे. तिसऱ्या पानावर खाली मी पेन्सिलीने फुली केली आहे, तिथे सही करायची आणि तारीख घालायची. परतीचं पाकीट पत्ता लिहून आणि तिकीट लावून आत ठेवलं आहे. हे मी फोनवर सांगितलं असतं, पण सहा वर्षं माझा नंबर तुझ्याकडे ब्लॉक आहे. शिवाय आमच्या वकीलबाईंना शाईची सही लागते.

कशावर सही, ते सांगते. मी दोन वर्षांपूर्वी नोकरी बदलली हे आईने तुला सांगितलं असेल. कुठे ते सांगितलं नसेल, कारण तिला मीच सांगू नको म्हटलं होतं. तू ज्या क्रिकेट गेमची वाट बघतो आहेस, तो आमची कंपनी बनवते. बॉलरचा हात कसा फिरतो, बॉल कुठल्या क्षणी सुटतो, टप्प्यानंतर किती वळतो, हे माझं काम आहे.

फॅन्सच्या साइटवर 'बारावा गडी' या नावाने लिहिणारा माणूस तू आहेस, हे मला ऑगस्टपासून माहीत आहे. तू एका पोराला लिहिलं होतंस, "खांद्यातून नाही रे, कमरेतून वळ. खांदा आपोआप येतो मागून." एवढं पुरेसं होतं.

परवा आम्ही गेमची तारीख तिसऱ्यांदा पुढे ढकलली. त्यावर तू लिहिलंस: "तारीख पुढे जाते त्याचं दुःख नाही. कारण सांगत नाहीत त्याचा राग येतो. आउट दिलं तर कशासाठी दिलं, एवढं तरी सांगा." त्याला अकराशे लोकांनी दुजोरा दिला आहे.

कारण हे आहे. गेममध्ये बॉलिंगच्या तेवीस ॲक्शन आहेत. सातवी ॲक्शन डावखुऱ्या स्पिनरची आहे आणि ती तुझ्या जुन्या व्हिडिओंवरून केलेली आहे. ठरवलेला बॉलर ऐन वेळी आजारी पडला आणि माझ्याकडे हेच हाताशी होतं. वकीलबाईंनी सगळी कागदपत्रं तपासली, तेव्हा चौदा ॲक्शनना संमतीपत्र होतं, सातवीला नव्हतं. उरलेल्या आठ ॲक्शन सातवीवरून पुढे बेतलेल्या आहेत. त्यामुळे नऊ अडकल्या, आणि नऊ अडकल्या म्हणून गेम अडकला.

म्हणजे फक्त तुझी सही हवी आहे. २८ फेब्रुवारीपर्यंत.

आईबाबांना नमस्कार सांग, किंवा नको सांगू. मी रविवारी त्यांच्याशी बोलतेच.

तुझी बहीण

१५ फेब्रुवारी

दादा,

रविवारी आईला विचारलं. ती म्हणाली, "आलंय पाकीट. फ्रिजवर ठेवलंय त्याने. उघडलंय की नाही ते मला विचारू नकोस, मी तुमची दोघांची पोस्टमन नाही." मग स्वतःच म्हणाली, "उघडलंय."

म्हणून हे दुसरं पत्र. मागच्या पत्रात एक चूक आहे, ती दुरुस्त करते. कोणी आजारी पडलं नव्हतं. आम्ही एक डावखुरा स्पिनर ठरवला होता, तो यायला तयार होता. त्याला मीच कळवलं की आता गरज नाही. मला तुझी ॲक्शन हवी होती. कारण विचारलं असतं तर त्या वेळी मी 'दर्जा' असं सांगितलं असतं. कोणी विचारलं नाही.

इथे परिस्थिती अशी आहे. आमच्या मजल्यावर तीस माणसं आहेत आणि त्यांतली निम्मी दिवसभर तुमची साइट उघडून बसतात. आमचा प्रमुख आहे, त्याला सगळे कॅप्टन म्हणतात आणि तो ते फारच मनावर घेतो. तो रोज सकाळी सगळ्यांना गोल उभं करून तुमच्यातले निवडक शेरे मोठ्याने वाचतो. आजचे तीन:

"तारीख नको आता, नुसतं वर्ष सांगा."

"पावसाने खेळ थांबलाय का? मग निदान पिचवर कव्हर तरी घाला."

"हा गेम खेळायला मी नवा कन्सोल घेतला होता. आता त्याच्यावर टीव्हीचा रिमोट ठेवतो."

तिसऱ्याला सगळे हसले. मग कॅप्टनने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "काय गं, आपल्या सात नंबरची सही?" मी म्हणाले, फॉर्म पोस्टाने गेला आहे. तो म्हणाला, "माणूस राहतो कुठे, चंद्रावर?" मी म्हणाले, नाही.

तो माणूस माझा भाऊ आहे हे इथे कोणाला माहीत नाही. फॉर्मवर आडनाव एकच आहे, पण वकीलबाई आडनावं बघत नाहीत, रकाने बघतात.

मला दिवसातून चारशे वेळा तुझा हात बघावा लागतो. चारशे हा आकडा अंदाजे नाही, चाचणीचे तेवढे बॉल ठरलेले आहेत. सात पावलं, उडी, आणि मग तो क्षण जिथे हात वर जाऊन थांबल्यासारखा वाटतो. शेजारी बसणारा ॲनिमेटर पहिल्यांदा ते बघून म्हणाला होता, "हा कोण आहे? बॅट्समनला वाटणार बॉल अजून याच्या हातात आहे, आणि तोपर्यंत दांडी गेलेली." मी त्याला म्हटलं, जुना व्हिडिओ आहे. त्याने विचारलं, "पुढे काय झालं याचं? खेळला कुठे?"

मी पाणी आणायला उठले.

२८ तारखेपर्यंत सही आली नाही तर सातवी आणि तिच्यावरच्या आठ ॲक्शन काढाव्या लागतील. सगळी फिरकी नव्याने बांधायची म्हणजे चार महिने, कमीत कमी. मी तुझ्यावर दबाव आणत नाही, फक्त आकडे सांगते आहे. हे वाक्य लिहून मी तीनदा वाचलं, आणि आकडे सांगणं हाच माझा दबाव आणण्याचा प्रकार आहे असं तू म्हणशील, हे मला कळतं.

तुझी बहीण

२४ फेब्रुवारी

दादा,

फॉर्म परत आला. सही नाही. फुली केली होती तिथे तुझ्या अक्षरात दोनच शब्द: "कोपर किती?"

उत्तर: अकरा अंश. चूक धरली तर दोन इकडे, दोन तिकडे. म्हणजे जास्तीत जास्त तेरा. नियम पंधराचा आहे.

आता बाकीचं. हे पत्र मी शनिवारपासून चार वेळा लिहायला घेतलं. बसून लिहिता येत नाही, म्हणून खिडकीच्या कट्ट्यावर वही ठेवून उभ्याने लिहिते आहे. अक्षर वाकडं आलं तर कारण तेच.

सहा वर्षांपूर्वी मी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तुझा हात मोजला होता. हात आडवा असताना कोपर किती वाकलेलं, आणि बॉल सुटताना किती. मधला फरक पंधरा अंशांहून जास्त असेल तर ती ॲक्शन नियमात बसत नाही. माझं उत्तर एकोणीस आलं होतं. मी तीस वेळा मोजलं, तीसही वेळा अठरा ते वीसच्या मध्ये. मला वाटलं, तीस वेळा तेच येतं म्हणजे बरोबर असणार.

त्या दिवशी नेटमध्ये दोन कॅमेरे होते. माझा बाजूला, स्टँडवर, अजिबात न हलणारा. दुसरा बाबांचा फोन, अंपायर उभा राहतो तिथून. बाबांचा व्हिडिओ हलतो, आणि उजव्या कोपऱ्यात पूर्ण वेळ त्यांचा अंगठा दिसतो. तो मी घेतलाच नाही. प्रोजेक्टमध्ये मी लिहिलंसुद्धा होतं: दुसरे चित्रण निकृष्ट असल्याने वगळले आहे.

तुझं कोपर पूर्ण सरळ होतच नाही. लहानपणापासून नाही. आईला माहीत होतं, तुला माहीत होतं, मला माहीत होतं. आणि तुझा खांदा बॉल टाकताना इतका फिरतो की वाकलेला हात बाजूने बघितला तर सरळ होत गेल्यासारखा दिसतो. नुसता दिसतो. एका कॅमेऱ्याला हा फरक कळूच शकत नाही. मी तीस वेळा एकच चूक मोजली.

हे मला इथे कळलं. सातवी ॲक्शन बांधताना मला दुसरा कोन हवा होता, म्हणून मी बाबांकडून तो व्हिडिओ मागवला. टप्प्याच्या आवाजावरून दोन्ही व्हिडिओ जुळवले, स्टंपच्या उंचीवरून माप घेतलं, आणि हात तिन्ही बाजूंनी उभा केला. अकरा. मला वाटलं काहीतरी चुकलं. नंतर आठ दिवस पुन्हा पुन्हा केलं. अकरा.

याला दहा महिने झाले. दहा महिने मला माहीत होतं आणि मी तुला सांगितलं नाही. त्याऐवजी मी तुझा हात गेममध्ये घातला. मला वाटलं, लाखो लोकांच्या स्क्रीनवर तो अंपायरसमोरून जाईल आणि कोणी नो बॉल देणार नाही, म्हणजे झालं. हे भरपाईचं गणित मी कोणाला न विचारता केलं. ते तेव्हाच चुकीचं होतं, कारण त्यातही तू नव्हतास.

अजून एक आहे, आणि ते तुला पूर्ण माहीत नाही. निवड समितीच्या टेबलावर तू माझा रिपोर्ट बघितलास, पहिल्या पानावर माझं नाव वाचलंस. कॉलेजच्या परीक्षकांनी तो तिकडे पाठवला असं घरात सगळ्यांनी धरलं, आणि मी ते धरू दिलं. परीक्षकांनी काही केलं नव्हतं. मी स्वतः तो तुझ्या कोचना नेऊन दिला. मंगळवार होता. संघाची निवड यादी शुक्रवारी लागणार होती. मला वाटलं होतं, कोच गुपचूप तुझा हात सुधारतील. ते घाबरले आणि त्यांनी समितीला पत्र लिहिलं. तिघांनी तुला बोलावलं, सहा बॉल टाकायला लावले, आणि कोणी काही मोजलं नाही. मोजण्याची गरज काय, आकडा तर घरूनच आला होता. शुक्रवारच्या यादीत तुझं नाव नव्हतं.

तू मला त्या दिवशी एवढंच म्हणालास, "मी बाजूच्याच खोलीत होतो गं."

बरोबर आहे. तू बाजूच्याच खोलीत होतास. मी दार ढकलून यायला हवं होतं. आकडा चुकणं ही एक गोष्ट झाली. पण तो बरोबर असता तरी आधी तुला सांगायला हवा होता.

सोबत नवा रिपोर्ट आहे, बारा पानं. जुन्यातली चूक कुठे आणि कशी झाली ते पहिल्याच पानावर आहे. याची प्रत मी अजून कोणालाही दिलेली नाही. समितीला पाठवायची की नाही हे तू ठरव.

फॉर्म मी परत पाठवत नाही आहे. तो विसर. हे खरं सांगणं आणि ती सही एकाच पाकिटात असता कामा नये.

बहीण

३ मार्च

दादा,

सातवी ॲक्शन मी गेल्या आठवड्यात काढली. कॅप्टनला कारण सांगितलं: माझ्या भावाचे व्हिडिओ, त्याला न विचारता. तो म्हणाला, "भाऊ? अगं मग फोन कर ना त्याला! भाऊ आहे की परराष्ट्र खातं?"

"तो नाही म्हणू शकतो, आणि मी परत विचारणार नाही."

"म्हणजे चार महिने."

"हो."

"लोक आपल्याला फाडून खातील."

"तारखेबरोबर कारण पण छापू या," मी म्हणाले. "तारीख आपण तीनदा दिली. कारण एकदाही दिलं नाही."

"लोकांना कारण नको असतं गं, गेम हवा असतो. आणि आवाज चढवू नकोस."

"चढवला नाही."

"तुझ्या मानाने चढवलास."

शेवटी वकीलबाईंनी दोन वाक्यं मान्य केली. ती तू वाचली असशील: "फिरकीची एक ॲक्शन आम्ही त्या खेळाडूची परवानगी न घेता वापरली होती. ती काढली आहे आणि सगळी फिरकी नव्याने बांधत आहोत." ती मी लिहिली आहेत. माझ्याकडून फिरकी काढून घेतली आहे. लेखी ताकीद मिळाली. आता मी गेममधले प्रेक्षक बघते. टाळ्या कधी वाजवायच्या, सिक्स गेल्यावर कुठल्या रांगेने आधी उठायचं. चौदा हजार माणसं आहेत आणि त्यांना चेहरे सहाच आहेत.

साइटवर तुमच्या लोकांनी अपेक्षेप्रमाणेच केलं. "चार महिने? तोपर्यंत माझा मुलगा खेळायला लागेल, आणि मला अजून मुलगा नाही." एकाने लिहिलं, "परवानगी मागायला दोन वर्षं लागली? आमच्या सोसायटीत लिफ्ट दुरुस्तीची परवानगी याहून लवकर मिळते." ते वाचून मला वाटलं, यावर तरी तू काहीतरी लिहिशील, लिफ्टदुरुस्ती तुझंच काम. तू लिहिलं नाहीस. घोषणा झाल्यापासून तू काहीच लिहिलेलं नाहीस. मी दर वीस मिनिटांनी बघते. कधी पंधरा.

काल जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या इमारतीला तीन फेऱ्या मारल्या. हातात डबा होता, तो तसाच परत आणला. आईला फोन केला तर ती म्हणाली, "तो कामावर जातो, येतो, जेवतो. बारा पानं त्याच्या उशाला आहेत. मला काय विचारतेस?" मग म्हणाली, "बाबा मात्र सगळीकडे सांगत सुटलेत, माझाच व्हिडिओ खरा होता म्हणून. अंगठ्यासकट."

या पत्रात मागण्यासारखं काही नाही. कळवायचं होतं, ते कळवलं.

बहीण

११ मार्च

दादा,

परवाच्या फोनवर तू म्हणालास, "पत्ता आणि बाकी सगळं लिहून पाठव. फोनवर तू रेल्वेच्या घोषणेसारखी बोलतेस, पत्रात बरी असतेस." म्हणून लिहिते.

त्याआधी एक. तुझा नंबर स्क्रीनवर आला तेव्हा मी चौदा हजार प्रेक्षकांना उभं करत होते. ते तसेच उभे राहिले, मी जिन्यात जाऊन फोन घेतला. तुझं पहिलं वाक्य होतं, "गेम कधी येतोय?" मी म्हणाले, माहीत नाही. तू म्हणालास, "कंपनीत आहेस ना?" मी म्हणाले, म्हणूनच. त्यावर तू हसलास की खोकलास ते मला कळलं नाही.

मग तू म्हणालास, "माझा राग गेलेला नाही."

"बरं."

"बरं काय? कधीतरी उलट बोल की."

"उलट बोलायला माझ्याकडे मुद्दा नाही."

तुझ्या मागे कुठेतरी लिफ्टचं दार उघडझाप करत होतं. मग जे बोललास ते मी तिथेच जिन्यात लिहून घेतलं, कारण मला ते शब्द बदलायचे नव्हते: "तो बावीस वर्षांचा पोरगा गेममध्ये नको. त्याला पुढचं काहीच माहीत नाही, त्याला उगाच सगळ्यांसमोर नाचवू नका. हात घ्यायचा तर माझा आत्ताचा घ्या. सहा वर्षं केबल ओढतोय, बॉल वळेल का ते माझं मला माहीत नाही. पण विचारून घेतला तर देईन."

मी कॅप्टनला विचारलं. तो म्हणाला, "चालेल काय, धावेल!" आणि मग मला म्हणाला, तू मात्र त्या दिवशी मशीनला हात लावायचा नाहीस. मी म्हणाले, तीच माझी अट आहे.

तर, २० मार्च, सकाळी साडेदहा. पत्ता वेगळ्या कागदावर आहे. मुख्य दारातून नको, मागच्या बाजूला निळं शटर आहे तिथून ये. मी बाहेर उभी असेन. हाफ शर्ट नको, हॉलमध्ये घालायला अंगाला घट्ट बसणारे कपडे आम्ही देतो. डाव्या हातावरचे केस काढावे लागतील. सांध्यांवर चमकणाऱ्या छोट्या गोळ्या चिकटवतात, केसांवर त्या टिकत नाहीत. आई हसेल, हसू दे. बूट स्वतःचे आण. आदल्या आठवड्यात थोडी बॉलिंग कर, एकदम टाकायला लागलास तर खांदा धरेल. बाबांना यायचं असेल तर येऊ दे, पण त्यांना आधीच सांग, आत फोन चालत नाही.

कॅमेरे चोवीस आहेत. मोजणी दुसऱ्या टीममधली एक मुलगी करेल, तिला आपलं नातं माहीत नाही आणि तुझी गोष्टही. आकडा तिच्या स्क्रीनवर येईल तेव्हा खोलीत तू आणि ती दोघंच असाल. मी दाराबाहेर थांबेन. तो मला सांगायचा की नाही, हे तू बघ. अकराच येईल असं मी म्हणत नाही. सहा वर्षांत हात बदलतो, कामाने बदलतो. पंधराच्या वर आला तर फॉर्मवर सही करायची की फाडून टाकायचा, हेही तुझ्याकडेच. फॉर्म कोरा आहे, यावेळी मी कुठेही फुली केलेली नाही.

हॉलमध्ये रन-अपला नऊ पावलांची जागा आहे. तुला सात लागायची. आता किती लागतात? कळव, तेवढ्यावर खूण करून ठेवायला सांगते.